पासावर एकच नाव

सकाळचे पावणेसात झाले असतील. परळच्या त्या इस्पितळात आयसीयूबाहेर एक लांबलचक कॉरिडॉर आहे. फरशी पुसणाऱ्या मावशी यायच्या आधी तिथे एक सिक्युरिटीवाला येतो आणि भिंतीवर दोनदा काठी आपटून म्हणतो, "पासवाले थांबा, बाकीचे खाली चला." त्यात राग नसतो, रोजचं काम असतं त्याचं. त्या दिवशी मी डबा घेऊन जिन्याच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा भिंतीच्या कडेने झोपलेली माणसं उठत होती. कुणी चादरीची घडी घालत होतं, कुणी पायाने चाचपत चपला शोधत होतं, आणि सगळ्यावर फिनेलचा उग्र वास पसरला होता. त्या माणसांत आमचा सुभाष होता. त्याने चादर झटकली नाही, शेजारच्या म्हाताऱ्यावर धूळ उडेल म्हणून असेल, तशीच गोळा करून काखेत मारली आणि मुकाट जिन्याकडे निघाला. आदल्या दिवशी त्याच्या चार वर्षांच्या मुलाची छाती उघडून पुन्हा शिवली होती. तो मुलगा त्या दाराच्या पलीकडे वीस पावलांवर होता. आणि बाप 'बाकीच्यां'बरोबर खाली उतरत होता. मला पाहून म्हणाला, "काकी, आलात व्हय? रूपालीला आत डबा पाठवा. मी खाली हाय."

पास एकच होता आणि तो रूपालीकडे होता.

नियम चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. नुकतं हृदयाचं ऑपरेशन झालेली दहा-बारा मुलं जिथे एका खोलीत आहेत तिथे गर्दी नकोच, जंतुसंसर्गाची भीती खरी आहे. पण ते जिन्याने उतरणं माझ्या मनातून जात नाही. (या दोघांची आणि मुलांची नावं बदलून लिहिते आहे.) सुभाष माझ्या यजमानांच्या चुलतभावाचा मुलगा. पाटण तालुक्यातल्या एका डोंगरकडेच्या गावात राहतो आणि कराडला दुसऱ्याचा पिकअप टेम्पो चालवतो. अथर्वचं दुखणं आम्हाला मुंबईत कळलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने पहिल्यांदा विचारलं ते "पोराचं कसं?" आणि मग "रूपाली कशी आहे?" ते बरोबरच होतं. पण मग तिथेच थांबलं. बापाचं कसं, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाच्या मनात आलं नाही.

अथर्व दोन वर्षांचा असल्यापासून खेळता खेळता मध्येच उकिडवा बसायचा. चार पावलं पळाला की थांबायचा, गुडघे छातीशी घेऊन बसायचा, थोड्या वेळाने उठून पुन्हा पळायचा. आजीला वाटायचं पोराची खोडच आहे. रडला की ओठ जांभळे पडायचे, तेव्हा म्हणायचे श्वास कोंडतो, हट्टी आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं, त्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याला वजनकाट्याऐवजी आधी जवळ घेतलं आणि त्याची बोटं पाहिली. बोटांची टोकं फुगीर, नखं निळसर. मग साताऱ्याला टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि तिथून मुंबईची चिठ्ठी. टेट्रालॉजी ऑफ फॅलो. डॉक्टर लोक आपसात 'टॉफ' म्हणतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारा रस्ता अरुंद, महारोहिणी, म्हणजे अंगभर रक्त नेणारी मोठी नळी, भोकाच्या वरच येऊन बसलेली, आणि या सगळ्याशी झुंजून जाड झालेला उजवा कप्पा. असे चार दोष एकत्र. फुप्फुसाकडे रक्त पुरेसं जात नाही, अशुद्ध रक्तच अंगभर फिरतं, म्हणून मूल निळं पडतं. मी सगळ्यात जास्त हलले ते त्या उकिडवं बसण्याचं कारण कळल्यावर. तसं बसलं की मांड्यांमधल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडच्या बाजूचा दाब वाढतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. म्हणजे ज्याला धड बोलता येत नव्हतं त्या पोराने स्वतःच्या अंगाचा उपाय स्वतः शोधून काढला होता, आणि दोन वर्षं अंगणात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो करत होता.

केस योजनेत बसली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली ऑपरेशनचा खर्च होणार होता. हे तीन शब्द, 'केस योजनेत बसली', ऐकण्यासाठी केशरी रेशनकार्ड, आधार, फोटो, जिल्ह्याची चिठ्ठी, इकोचा रिपोर्ट, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे इस्पितळात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलापुढे किती उभं राहावं लागतं ते तिथे उभं राहिलेल्यालाच ठाऊक. ते उभं राहणं सुभाषचं होतं. रूपाली वॉर्डात अथर्वजवळ. औषधाच्या चिठ्ठ्या त्याच्या, रक्तपेढी त्याची, सही त्याची. संमतीपत्रावर सही करायला बोलावलं तेव्हा मी बरोबर होते. सर्जनबाईंनी शांतपणे, मराठीत, एकेक गोष्ट सांगितली. हृदय थांबवावं लागेल, तोवर रक्त यंत्रातून फिरेल. भोकावर पॅच बसवू, अरुंद रस्ता मोठा करू. धोका आहे, तो किती हेही सांगितलं. सुभाषने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हृदय थांबल्यावं त्याला कळंल का?" बाई म्हणाल्या, "नाही, तो गाढ झोपलेला असेल." मग त्याने सही केली. सुभाष सातवीपर्यंत शिकला आहे, अक्षर वळणदार आहे. त्या दिवशीही त्याने नाव पूर्ण, एकही अक्षर न मोडता लिहिलं. टेबलाखाली त्याचा डावा गुडघा थरथरत होता.

रक्ताला गावची पोरं आली. पाटण खोऱ्यातली कितीतरी माणसं वाशीच्या बाजारात माथाडीत आहेत. रात्रभर ट्रकमधल्या गोणी उतरवून चौघे थेट पहाटेच्या लोकलने आले, अंगाला कांद्याचा वास, केसांत धूळ. रक्तपेढीतल्या ताईंनी विचारलं, रात्री झोप झाली का? दोघे खरं बोलले, त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून, झोपून, अंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून दोघे पुन्हा आले. बुडलेल्या मजुरीबद्दल कुणी शब्द काढला नाही. मला वाटतं मदत या गोष्टीचं माणसाने असंच रूप पाहावं. त्यांना 'काही लागलं तर सांग' म्हणायची गरज पडली नाही. काय लागणार होतं ते त्यांनी विचारून घेतलं होतं आणि ते घेऊनच ते आले होते.

'काही लागलं तर सांग.' हे वाक्य त्या दिवसांत सुभाषच्या फोनवर सतत यायचं. म्हणणाऱ्यांचं मन स्वच्छ होतं, शंकाच नाही. पण ते ऐकणाऱ्याला नवं काम लावतं. काय लागतंय ते शोधा, कुणाला सांगायचं ते ठरवा, मग संकोच गिळून सांगा. ज्याला आज वार कोणता हे आठवत नाही त्याच्याकडून एवढं होत नाही. तो "हां, सांगतो" म्हणतो आणि फोन ठेवतो. मग पुढचा फोन येतो, पुन्हा पहिल्यापासून सगळं. व्हेंटिलेटर काढला का, लघवी होतेय का, ताप आहे का, आमच्या शेजारच्यांच्या नातवाचं असंच झालं होतं. शेवटी एका संध्याकाळी मी त्याच्याकडून फोन मागून घेतला आणि सगळ्या नातेवाइकांना कळवलं, की रोज संध्याकाळी सात वाजता मीच मेसेज टाकेन, तोवर कुणी सुभाषला विचारायचं नाही. पहिल्या दिवशी दोघे-तिघे दुखावले. पण सुभाषचा फोन गप्प झाला आणि तो त्या फोनवरून त्याला पाहिजे तिथे बोलू लागला. ते कुठे, ते पुढे सांगते.

माझं माहेर लालबागचं. वडील गिरणीत, साचेखात्यात. केईएम १९२६ सालचं, वाडियांचं मुलांचं इस्पितळ १९२९चं, टाटा १९४१चं. सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे गिरणगावातल्या खोल्या ही गावाकडच्या आजारी माणसांची पहिली पायरीच होती. गावकीच्या गाळ्यांत पुरुषांची सोय व्हायची, बायका-मुलं असली की ती आमच्यासारख्या बिऱ्हाडात येत. दहा बाय बाराची खोली, पण आईने एक वळकटी कायम वेगळी बांधून माळ्यावर ठेवलेली. तिला आम्ही हात लावायचा नाही. येणाऱ्याला आईने "काय झालं?" असं दारात विचारलेलं मला आठवत नाही. ती म्हणायची, "अंघोळीचं पाणी काढलंय." माणूस मोरीत जायचा, पाण्याचा आवाज यायचा, कधी त्या पाण्याच्या आवाजात रडण्याचाही आवाज मिसळलेला असायचा. आई तेव्हा मुद्दाम स्टोव्हला पंप मारत बसायची.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या वर्षीच्या पावसाळ्यात आजऱ्याकडचा एक माणूस मुलीला घेऊन आला होता. मुलगी वॉर्डात, तिची आई तिच्यापाशी, आणि तो आमच्याकडे. घरात तेव्हा डाळ मोजून शिजत होती. रात्री तो गॅलरीत जाऊन बसायचा. माझ्या वडिलांना रात्रपाळीची सवय, संपात पाळी नाही, झोपही नाही, तेही गॅलरीत. मी मध्येच जागी झाले की दोन विड्यांची टोकं अंधारात दिसायची. बोलणं जवळजवळ नाहीच. समोर गिरणीची चिमणी, तिच्यातून धूर येत नव्हता. काही दिवसांनी मुलगी बरी होऊन गेली. जाताना तो माणूस आईच्या पाया पडायच्या आधी वडिलांच्या पाया पडला. आईला त्याचं जरा नवल वाटलं होतं, कारण राबली ती होती. मला आता त्या नमस्काराचा अर्थ लागतो असं वाटतं. बायको आत, मुलगी आत, आणि रात्रभर बाहेर बसलेल्या त्या माणसाजवळ बाहेरच बसलेलं दुसरं कुणीतरी होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सने अथर्वच्या अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. गळ्यातला काळा दोरा, हातातला वाळा, कमरेचा करदोटा. आजीने बनपुरीच्या नाईकबाला नवस बोलला होता, तिथल्या भंडाऱ्याची पुडीही दिली होती. ती आत नेता येणार नव्हती. हे सगळं रूपालीने सुभाषच्या हातात दिलं. त्याने पुडी शर्टाच्या खिशात ठेवली आणि करदोटा स्वतःच्या मनगटाला गुंडाळला. चार वर्षांच्या पोराच्या कमरेचा करदोटा बापाच्या मनगटाला दोन वेढे बसला. मग स्ट्रेचर गेलं. रूपाली लिफ्टपर्यंत गेली. दार लागल्यावर ती तिथेच खाली बसली आणि चार बायकांनी तिला सावरलं, ओळखीच्या नसलेल्या, शेजारच्या खाटांवरच्या मुलांच्या आया. सुभाष त्या घोळक्याच्या बाहेर उभा. त्याला कुणी धरलं नाही. धरण्यासारखं त्याने काही केलंच नव्हतं, नुसता उभा होता.

ते सहा-सात तास कसे जातात यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ते जात नाहीत.

त्या काळात मला रात्री झोप लागायची नाही आणि मी मोबाइलवर हृदयाच्या ऑपरेशनांबद्दल जे सापडेल ते वाचत राहायचे. त्यात वॉल्टन लिलेहाय या अमेरिकन सर्जनबद्दल वाचलं. हृदय बंद ठेवून आत काम करायचं तर तेवढा वेळ रक्त शुद्ध कुठे करायचं, हा पेच तेव्हा सुटलेला नव्हता, यंत्रं भरवशाची नव्हती. मिनेसोटा विद्यापीठाच्या इस्पितळात २६ मार्च १९५४ रोजी त्याने एक वर्षाच्या मुलाला टेबलावर घेतलं आणि शेजारच्या टेबलावर त्याच्या बापाला झोपवलं. दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या, मध्ये एक पंप. मुलाचं अशुद्ध रक्त बापाच्या अंगात जायचं, बापाच्या फुप्फुसात शुद्ध व्हायचं आणि परत मुलाकडे यायचं. तेवढा वेळ बाप हाच मुलाचं हृदय आणि फुप्फुस. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव जाऊ शकतात, अशी टीका तेव्हा खूप झाली. तो मुलगा ऑपरेशनमधून वाचला, पण पुढे अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. तरी ते थांबले नाहीत. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला फॅलोच्या हृदयाची जगातली पहिली पूर्ण दुरुस्ती याच पद्धतीने झाली. वर्षभरात यंत्रं सुधारली आणि शेजारच्या टेबलाची गरज संपली.

हे मी सुभाषला सांगितलं. ऑपरेशननंतरची तिसरी की चौथी संध्याकाळ असेल, अथर्वचा व्हेंटिलेटर निघाला होता आणि आम्ही खाली टपरीवर चहा घेत होतो. सांगताना तो मुलगा अकरा दिवसांनी गेला हे मी गाळलं. सुभाष ऐकत राहिला. ग्लास हातात तसाच. मग म्हणाला, "रक्तगट जुळावा लागत असंल." मी म्हटलं, हो. "माझा आन त्याचा एकच हाय." टपरीवाल्याने स्टोव्हला भरारा हवा मारली, त्या आवाजात तो काही पुटपुटला ते मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "मग जमलं असतं मला."

एवढं म्हणून त्याने चहा संपवला. मुलाला धोका कमी, बापाला तर नाहीच, म्हणून आजचं यंत्र हजारपट चांगलं, हे त्यालाही कळत होतं. पण एखाद्या माणसाला आपल्या मुलासाठी झोपायला शेजारी एक टेबल असावंसं वाटतं, आणि त्याच्या वाट्याला कॉरिडॉरची फरशी येते, हे दुःख कुणाच्या हिशेबात नसतं. आत जाऊन आलेल्या रूपालीकडून मी रोज बातमी घ्यायचे तेव्हा सुभाष एकच प्रश्न विचारायचा, "नखं कशी हायत?" बाकी नळ्या किती, ड्रेन किती, त्यात त्याला रस नव्हता. चौथ्या दिवशी मी त्याला म्हटलं, आज पास तू घे, तू जाऊन ये. रूपालीही तयार होती. तो नको म्हणाला. "तिला बाहेर काढली की तिचं डोकं फिरंल. ती आत हाय म्हणून धड हाय. मी बाहेर टिकतो." आणि तो टिकला, पण ते टिकणं स्वस्त नव्हतं. मी डबा द्यायचे, तो सगळाच्या सगळा आत पाठवायचा. 'मी खाल्लं खाली' म्हणायचा. एकदा वडापाववाल्याने मला सांगितलं की हा माणूस सकाळपासून नुसता चहा पितोय. मग मी दोन डबे बांधू लागले, एक आत पाठवायचा आणि एक माझ्यादेखत उघडायचा.

मुलगा वॉर्डात आला त्या दिवशी स्ट्रेचर कॉरिडॉरमधून गेलं आणि सुभाषने त्याला पहिल्यांदा पाहिलं. चेहरा सुजलेला, ओठ सुकलेले, छातीवर पांढरी पट्टी. बाप वाकला आणि त्याने चेहऱ्याकडे न बघता आधी त्याचा हात उचलला. नखं गुलाबी होती. जन्मापासून पहिल्यांदा. मी आजवर खूप बाळांची नखं पाहिली आहेत, त्यांचा रंग गुलाबी असतो याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस माझ्या मते ऑपरेशनपेक्षा कठीण. लोकांच्या मनात ऑपरेशन झालं म्हणजे संपलं. भेटायला येणारे शहाळी घेऊन येत, आणि अथर्वला पाणी मोजून होतं. हृदयावर भार नको म्हणून दिवसाचं पाणी ठरलेलं, वर लघवीचं औषध. चार वर्षांचं मूल "आई, पानी" म्हणून जीभ ओठावरून फिरवतं आणि आईने बुचाएवढं पाणी देऊन बाटली लपवायची. खाटेजवळ शहाळ्यांची रांग. रूपाली एका पाहुणीवर ओरडली, मग स्वतःच रडली, मग पाहुणीही रडली. त्या संध्याकाळी मी सातच्या मेसेजमध्ये लिहिलं: शहाळं, फळं, ज्यूस आणू नका, आणायचंच तर रूपालीसाठी धुतलेला गाऊन आणि केसांचं तेल आणा. दुसऱ्या दिवशी माझी नणंद खरंच खोबरेल आणि फणी घेऊन आली आणि वॉर्डाच्या पॅसेजमध्ये बसवून तिने रूपालीची वेणी घातली. कित्येक दिवसांच्या गाठी सोडवायला बराच वेळ लागला. रूपाली डोळे मिटून बसली होती.

फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं, याला खोल श्वास घ्यायला लावा, फुंकायला लावा, नाहीतर कफ साठेल. अथर्व काही केल्या फुंकेना, छाती दुखायची त्याची. सुभाष लालबागच्या फुटपाथवरून एक कागदी भिरभिरं घेऊन आला. स्वतः फुंकलं, फिरवलं, मग त्याच्यापुढे धरलं. पोराने तोंड फिरवलं. सुभाषने पुन्हा फुंकलं. असं पाऊण तास चाललं असेल. शेवटी भिरभिरं अर्धा फेरा फिरलं आणि अथर्व खोकला, दुखलं म्हणून रडला, आणि रडता रडता पुन्हा फुंकला. वॉर्डातल्या मुलांचे बाप दुसऱ्या दिवशी भिरभिरी घेऊन हजर. आता पासाचा नियम सैल होता, बाप आत येऊ शकत होते, आणि काय करावं हे त्यांना कळलं होतं.

इकडे हे चाललं असताना तिकडे गावाला ओवी होती. अथर्वची बहीण, तिसरीतली, आजीजवळ ठेवलेली. तिच्याबद्दल सगळ्यांचं एकच म्हणणं, "शहाणी आहे, काही त्रास देत नाही." मग एक दिवस तिच्या बाईंचा फोन आला. ओवी शाळेच्या मैदानावर खेळता खेळता उकिडवी बसते आहे. गुडघे छातीशी घेऊन, अगदी अथर्वसारखी. विचारलं तर म्हणते, दम लागतो. बाईंनी घाबरून आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, मुलगी ठणठणीत. मला हे ऐकून रात्रभर झोप आली नाही. त्या पोरीने पाहिलं होतं की असं बसणाऱ्या मुलाला मोठी माणसं उचलून घेतात, गाडीत घालून मुंबईला नेतात, त्याच्याजवळ आई राहते.

रूपालीला हे तेव्हा सांगितलं नाही. सुभाषने सांभाळलं. मी म्हटलं ना, त्याचा फोन मोकळा झाल्यावर तो कुठे बोलायचा, तर ओवीशी. रोज रात्री साडेआठला, इस्पितळाच्या गेटबाहेर पिंपळाखाली उभा राहून. अथर्वचा विषय काढायचा नाही हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. पाढे म्हणून घ्यायचा. म्हशीने किती दूध दिलं, बाईंनी काय शिकवलं, हे विचारायचा. एकदा मी जवळ होते, तर तो तिला टेम्पोच्या गिअरबॉक्सचं काहीतरी समजावून सांगत होता आणि पलीकडून ती प्रश्न विचारत होती. आई आत अडकलेली, आजी नवसात गुंतलेली. सगळ्या घरात ओवीसाठी मोकळा असलेला एकच माणूस, तो बाहेर होता म्हणून मोकळा होता. पंधरवड्यात तिचं उकिडवं बसणं थांबलं, असं बाई म्हणाल्या.

घरी जाताना सूचना होत्या. सहा-आठ आठवडे छातीचं हाड जुळेपर्यंत पोराला काखेत धरून उचलायचं नाही. एक हात बुडाखाली, एक पाठीमागे. दात स्वच्छ ठेवायचे, कारण दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोहोचू शकतात. आणि तपासणी जन्मभर. झडप पुढे गळू शकते, मोठेपणी पुन्हा काही करावं लागू शकतं. हे शेवटचं रूपालीने नीट ऐकलं होतं, आणि गावात जो तो म्हणत होता, "झालं की आता, बरा झाला!" ती काय उत्तर देणार? नाही म्हणणं अपशकुनी, हो म्हणणं खोटं. अथर्व अंगणात सायकल चालवू लागला तेव्हा ती आजारी पडली. झोप उडाली, रात्री बॅटरी लावून त्याचे ओठ बघायची. दोन-अडीच महिन्यांनी हे सुरू झालं, जेव्हा सगळ्यांचे फोन थांबले होते. मी तिला महिनाभर माझ्याकडे बोलावून घेतलं, दोन्ही मुलांसकट. विशेष काही केलं नाही. सकाळी पाणी काढून ठेवलं, दुपारी तिला झोपू दिलं, आणि त्याच्या ओठांवर लक्ष ठेवायचं काम दुपारपुरतं माझ्याकडे घेतलं. 'काळजी करू नको' हे तिला सगळे सांगत होते. तिची काळजी थोडा वेळ दुसऱ्या कुणी धरायची होती, एवढंच. नंतर ती कराडला एका डॉक्टरांकडे जाऊ लागली, गोळ्याही घेतल्या. आता बरी आहे. बॅटरी अजून उशाशी असते.

आणि पैसे. ऑपरेशन योजनेत झालं, पण बुडालेली मजुरी, एसटी, चहा, खोली, औषधांच्या किरकोळ चिठ्ठ्या, दुसऱ्याच्या टेम्पोवर ठेवलेला बदली ड्रायव्हर, हे कुठल्याच योजनेत बसत नाही. सुभाषने कर्ज काढलं आणि ते फेडतो आहे. घरातल्या काही जणांनी मिळून गावच्या किराणा दुकानाची उधारी परस्पर भरली, त्याला न विचारता. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने फोन करून फक्त दुकानदाराला कुणी काय दिलं याची यादी मागितली आणि वहीत उतरवून ठेवली.

लिलेहायच्या गोष्टीतला एक भाग मी त्याला पुढे कधीतरी सांगितला. ३१ ऑगस्टच्या त्या ऑपरेशनमध्ये शेजारच्या टेबलावर मुलाचा बाप नव्हता. मुलाचा रक्तगट दुर्मीळ, घरात कुणाचा जुळेना. जो झोपला तो नात्यातला नव्हता, ओळखीचाही नव्हता, फक्त रक्त जुळणारा एक साधा कामगार माणूस होता. सुभाष म्हणाला, "त्याला घरात पोरंबाळं असतील." मी म्हटलं, होती. त्यावर तो काही बोलला नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या पलीकडच्या वाडीतली एक मुलगी परळला आली, हृदयाचंच ऑपरेशन. आईबाप कधी साताऱ्याच्या पुढे आलेले नाहीत. सुभाष रात्रीच्या एसटीने त्यांच्याबरोबर आला, टेम्पोची पाळी दुसऱ्याला देऊन. मला सकाळी फोन. आरोग्यमित्राचं काम झालंय, वाशीच्या पोरांना रक्ताचं सांगितलंय, झोपून या म्हणूनही सांगितलंय. मुलीच्या धाकट्या भावाला फोन करायची वेळ ठरवून दिली आहे. मग म्हणाला, "काकी, पास तिच्या आईकडं हाय. ह्यो बाप माझ्यासंगं खालीच हाय. डबं दोन बांधा. एकच बांधला तर समदा आत धाडतोय."

मी विचारलं, भाजी कुठली करू?

"कसलीबी करा. पर भाकरी द्या, त्याला चपाती जात न्हाय."